‘बायकांचं पिस्तूल’ मागू नका, पाचवी गोळी कुठे लागते ते बघा

पत्र: मी ह्यूस्टनजवळ राहते, वय ३६, ग्रीन कार्ड आहे. फार्मसीत काम करते. आठवड्यातून तीन दिवस रात्री साडेअकराला दुकान बंद करून एकटीनं गाडीपर्यंत जावं लागतं. पार्किंगमध्ये एकाने दोनदा पाठलाग केला. पोलिसांत तक्रार दिली, दुकानाला दिवे वाढवायला सांगितलं, आणि आता स्वतःजवळ बाळगायला पिस्तूल घ्यायचं ठरवलं आहे. आजवर एकदाच नेमबाजीच्या रेंजवर गेले आहे. दुकानदार छोटंसं गुलाबी .३८० दाखवतो. नवऱ्याचा मित्र .४५ शिवाय दुसरं बोलत नाही. साताऱ्याचे मामा, ज्यांच्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, ते म्हणतात .३२ पुष्कळ झालं. माझे हात लहान आहेत आणि उजवं मनगट मधूनमधून दुखतं. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. जूनमध्ये सासूसासरे सहा महिन्यांसाठी येताहेत. कोणतं कॅलिबर घेऊ?

उत्तर:

ताई, ९ एमएम घ्या, आणि ते मध्यम आकाराच्या, सहाशे-साडेसहाशे ग्रॅमच्या पिस्तुलात घ्या. (कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, कधी मिलिमीटरमध्ये, कधी इंचात: .४५ म्हणजे ०.४५ इंच.) रेंजवर भाड्याच्या पिस्तुलाने खाली दिलेली चाचणी करा. मनगटामुळे त्यात ९ एमएम जमलं नाही, तर हलक्या स्लाइडचं (स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) .३८० घ्या, पण दुकानदाराने दाखवलं ते खिशातलं चिमुकलं नको. .४५, .४० आणि .२२ यांचा विचार सोडून द्या.

आधी नवऱ्याच्या मित्राचं बघू. त्याचं म्हणणं एकेकाळी अगदीच चूक नव्हतं. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली आणि त्यात दोन एजंट मारले गेले. सुरुवातीलाच एका दरोडेखोराला लागलेली ९ एमएमची गोळी हवी तेवढी आत गेली नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर एफबीआयने मोजमाप ठरवलं: मांसाच्या जागी वापरतात त्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात, पुढे जाड कापडाचे थर लावूनसुद्धा, गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे. याच धांदलीतून एफबीआयने आधी १० एमएम निवडलं आणि मग १९९० साली .४० आलं. पण पुढच्या पंचवीस वर्षांत गोळ्या बनवण्याचं तंत्र इतकं सुधारलं, की चांगल्या कंपनीची पोकळ टोकाची, म्हणजे आत शिरताना फुलणारी, ९ एमएम गोळी ही कसोटी आरामात पार करू लागली. २०१४ साली एफबीआयच्या प्रशिक्षण विभागानेच ९ एमएमकडे परत जावं असं मांडलं. कारण साधं होतं. त्याच एजंटांच्या हातात ९ एमएम दिलं की ते जास्त वेगाने आणि जास्त अचूक मारत होते, आणि मॅगझिनमध्ये गोळ्याही जास्त बसत होत्या.

पिस्तुलाची गोळी ज्या भागाला लागते तिथेच काम करते. रायफलसारखा आजूबाजूला परिणाम तिच्यात नसतो. त्यामुळे .४५ ची फुललेली गोळी ९ एमएमच्या फुललेल्या गोळीपेक्षा चार-पाच मिलिमीटर रुंद असते, या फरकाला फार किंमत राहत नाही. किंमत आहे ती दुसरी, तिसरी, पाचवी गोळी जिथे नेम धरला तिथेच जाते का याला. .४५ ची २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमची गोळी ९ एमएमच्या जवळपास दुप्पट वजनाची असते. तिचा धक्का सोसून पिस्तूल पुन्हा नेमावर यायला नवख्या हाताला वेळ लागतो. शिवाय सरावाची काडतुसं दीडपट-दुप्पट महाग, म्हणजे सराव कमी.

मामांचं मत कायद्यातून आलं आहे. भारतात सामान्य नागरिकाला ९ एमएम, .३८ किंवा .४५५ बोअर मिळतच नाही, ती प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. उरतं ते मुख्यतः .३२ आणि .२२. म्हणून साताऱ्यापासून कानपूरपर्यंत परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर म्हटलं की .३२ च समोर येतं. बायकांसाठी म्हणून २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने काढलेलं ‘निर्भीक’ही .३२ चंच, वजन अर्धा किलो. मामांना जे मिळालं ते त्यांनी घेतलं आणि शेतावर त्यांचं काम भागत असेल. तुमच्यासमोर सगळा बाजार उघडा आहे. अमेरिकेत .३२ ची नवी पिस्तुलं मोजकी, काडतुसं दुकानात सहज मिळत नाहीत आणि मिळाली तर ९ एमएमपेक्षा महाग. टेक्सासमध्ये परवान्याच्या चाचणीलाही पूर्वी किमान .३२ ची अट होती, ती २०१७ साली निघाली.

आता गुलाबी .३८० कडे वळू, कारण नवख्या बायकांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. दुकानदाराचं गणित असं, की बाई लहान, हात लहान, म्हणून पिस्तूल लहान आणि कॅलिबरही लहान. .३८० ची गोळी खरोखरच सौम्य असते. तिचा व्यास ९ एमएमइतकाच, पण काडतुसाची पुंगळी १९ ऐवजी १७ मिलिमीटरची, गोळी ९०-९५ ग्रेनची आणि ऊर्जा साधारण निम्मी-पाऊण. पण धक्का गोळीत जेवढा असतो तेवढाच तो पिस्तुलाच्या वजनातही असतो. रुगर एलसीपीसारखं खिशातलं .३८० रिकामं असताना २७० ग्रॅम भरतं. ग्लॉक १९ रिकाम्या मॅगझिनसकट ६७० ग्रॅमच्या आसपास जातं. एलसीपीने दहा गोळ्या झाडल्या की तळहाताची त्वचा चरचरते, करंगळीला धरायला जागाच नसते आणि चापावरचं बोट दर वेळी सरकतं. ग्लॉक १९ ने पन्नास गोळ्या झाडूनही हात ठीक असतो. ज्यांना वर्षानुवर्षांचा सराव आहे आणि ज्यांना कपड्यांमुळे दुसरं काही लपवताच येत नाही, अशांसाठी ही चिमुकली पिस्तुलं आहेत. पहिलं पिस्तूल म्हणून ती शिक्षा ठरतात.

.३८० मध्येही दोन जाती असतात, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. जुन्या धाटणीच्या पिस्तुलात, उदाहरणार्थ वॉल्थर पीपीकेमध्ये, नळी पक्की बसवलेली असते आणि स्लाइडला अडवायचं काम फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग करतात. त्यामुळे स्प्रिंग कडक ठेवावी लागते, स्लाइड ओढायला जड जाते आणि धक्का टोचरा लागतो. नव्या धाटणीत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून मागे येतात आणि मग सुटतात. तिथे स्प्रिंग मऊ चालते. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी .३८० हे २०१८ साली आलेलं पिस्तूल दुसऱ्या प्रकारचं आहे. वजन सव्वापाचशे ग्रॅम, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, स्लाइड हलकी, आणि मॅगझिनच्या बाजूला अंगठ्याने स्प्रिंग खाली दाबायला बटण. मनगट दुखतं असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे नाव मुद्दाम देत आहोत. याचंच ९ एमएम रूपही मिळतं, साधारण ६६० ग्रॅमचं, त्याची स्लाइडही इतर बहुतेक ९ एमएमपेक्षा सोपी. दोन्ही ओढून बघा. फक्त त्याच्या मुठीच्या मागे एक सेफ्टी असते, ती तळहाताने पूर्ण दाबली गेली नाही तर पिस्तूल उडतच नाही. पकड ढिली किंवा खाली असेल तर ऐन वेळी नुसता चाप ओढत राहाल.

रिव्हॉल्व्हरचं कुणी सुचवेलच: ‘बाईला रिव्हॉल्व्हर बरं, अडकत नाही.’ अडकत नाही हे बऱ्याच अंशी खरं. पण .३८ स्पेशलचं हलकं, आखूड नळीचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचं असतं आणि त्याचा चाप साधारण दहा-बारा पौंडांचा, म्हणजे रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या वजनापेक्षा दहापटींहून जास्त जोर एका बोटाने लावायचा. तेवढ्यात नेम हलतो. ज्यांना स्लाइड मुळीच ओढता येत नाही, संधिवात आहे, पण बोटात जोर आहे, अशांना ते चालतं. तुमचं दुखणं मनगटाचं आहे, आणि या रिव्हॉल्व्हरचा धक्का नेमका मनगटालाच बसतो.

.२२ ची काडतुसं स्वस्त आणि धक्का नगण्य, म्हणून शिकायला त्याला तोड नाही. बाळगायला मात्र नको. त्यात पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत फिरवून बसवलेला असतो, आणि कुठे तो कमी बसला की टाचणी आपटूनही काडतूस उडत नाही. २०२२ साली आलेलं .३० सुपर कॅरी हे नवं कॅलिबर कुणी दाखवलं तर तेही नको. मॅगझिनमध्ये दोन गोळ्या जास्त बसतात हे खरं, पण काडतुसं शोधत फिराल.

आता चाचणी. एका शनिवारी सकाळी, ताज्या हाताने, भाड्याची पिस्तुलं देणाऱ्या रेंजवर जा. कानांत बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही. बंद रेंजमध्ये एकट्या मफने आवाज सोसत नाही, आणि माणूस दचकायला शिकतो तो बहुतेकदा आवाजानेच. आधी .२२ ने पन्नास गोळ्या झाडून चाप सावकाश दाबणं आणि दोन डोळ्यांचा नेम हाताला बसवा. मग ग्लॉक १९ च्या मापाचं ९ एमएम, मग शील्ड ईझी ९ एमएम, मग त्याचं .३८०. प्रत्येकाच्या वीस-पंचवीस गोळ्या पुरतात. दिवसाला सव्वाशेच्या वर जाऊ नका, कारण थकलेला हात जे शिकतो ते विसरायला महिने लागतात.

प्रत्येक पिस्तुलाने हे करा: साध्या प्रिंटरच्या कागदाची अर्धी घडी घालून ती पाच यार्डांवर, म्हणजे पंधरा फुटांवर टांगा. पिस्तूल दोन्ही हातांत, नेम कागदावर, बोट चापाबाहेर. सोबतच्याने वेळ लावायची आणि पाच सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या. थांबा, श्वास घ्या, पुन्हा पाच. दहाच्या दहा अर्ध्या कागदात गेल्या तर ते पिस्तूल तुमचं होऊ शकतं. ज्या सर्वांत मोठ्या कॅलिबरने हे जमतं, तेच तुमचं कॅलिबर. पहिल्या दोन गोळ्या मधोमध आणि पुढच्या तीन विखुरलेल्या असतील, तर धक्का हाताबाहेर जातोय. गोळ्या खाली आणि डावीकडे एकत्र पडत असतील, तर दोष पिस्तुलाचा नसतो. धक्क्याच्या अपेक्षेने तुम्ही आधीच हात खाली दाबता आहात. याची खातरजमा सोपी आहे. दुसऱ्या कुणाला तरी मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत दोन नकली काडतुसं कुठेही मिसळून भरायला सांगा. नकली काडतुसावर चाप ओढल्यावर नळी खाली डुचकली की चोर सापडला. नवख्या माणसाला हे होतंच, दोन-तीन वेळा रेंजवर गेल्यावर सुटतं. पण .४५ ने सुरुवात केली तर सुटत नाही.

स्लाइड ओढता येत नाही म्हणून पुष्कळ जणी छोट्या कॅलिबरकडे वळतात, आणि निम्म्या वेळा चूक फक्त पद्धतीची असते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइडचं मागचं टोक धरून ओढलं तर ती कुणालाच जड जाईल. पिस्तूल छातीजवळ आणा, डावा तळहात स्लाइडच्या मागच्या भागावर वरून पालथा ठेवा, चारही बोटं पलीकडच्या खाचांवर. मग डावा हात घट्ट रोखून धरा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. जोर खांद्यातून येतो, बोटांतून नाही. पूर्ण मागे आली की सोडून द्या. हाताने पुढे नेऊ नका, नाहीतर काडतूस नीट बसत नाही. एक धोका: जोर लावताना नळी डावीकडे शेजारच्या माणसाकडे वळते. रेंज अधिकारी ओरडतो तो यासाठीच. पाय वळवा, नळी समोरच ठेवा. दुकानात रिकामं पिस्तूल घेऊन सलग दहा वेळा स्लाइड ओढा. दहाव्यांदाही जमलं तर ते पिस्तूल चालेल. त्याच वेळी तळहाताचा अंगठ्याजवळचा फाटा मुठीच्या मागे जितका वर जाईल तितका वर ठेवून तर्जनीचं पहिलं पेर चापावर पोचतं का बघा. नखाजवळचं टोकच पोचत असेल तर मूठ मोठी पडते. अनेक पिस्तुलांसोबत मुठीच्या मागचे लहान-मोठे तुकडे येतात, ते बदलून मागा. आणि डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे कधीच ठेवू नका. मागे येणारी स्लाइड तो सोलून काढते.

तुमच्या मनगटाचा आणखी एक संबंध आहे. स्लाइड पूर्ण मागे जायला मूठ स्थिर राहावी लागते. मनगट धक्क्याबरोबर मागे लवलं, तर स्लाइड अर्ध्यातून परतते आणि रिकामी पुंगळी तोंडात उभी अडकते. लोक म्हणतात पिस्तूल वाईट आहे. बहुतेकदा मनगट ढिलं असतं. उपाय एकच: मॅगझिनच्या तळाला खालून जोरात थाप मारा आणि स्लाइड एकदा पूर्ण ओढून सोडा. हे शंभरदा केल्याशिवाय पिस्तूल बाळगायला सुरुवात करू नका. आणि मनगट एकदा डॉक्टरांना दाखवा. हे दुखणं सरावाने वाढतं की कसं, हे तुम्हाला रेंजवर जायच्या आधी कळलेलं बरं.

काडतुसं दोन प्रकारची लागतील. सरावाला ११५ ग्रेनची पूर्ण तांबं चढवलेली गोल टोकाची, पन्नासची पेटी पंधरा डॉलरच्या आसपास मिळते. भाव हलत राहतात, पण .३८० ची पेटी जवळपास नेहमीच चार-सहा डॉलर महाग असते, कारण ती कमी बनते. बाळगायला मात्र पोकळ टोकाचीच. गोल टोकाची गोळी आरपार जाते आणि मागच्या माणसाला, भिंतीला, गाडीला लागते, आणि तिचा हिशेब कायदा तुमच्याकडे मागतो. ९ एमएममध्ये १२४ ग्रेनची स्पीअर गोल्ड डॉट किंवा १२४ वा १४७ ग्रेनची फेडरल एचएसटी यांपैकी काहीही घ्या. यावर रात्र जागवू नका. जादा दाबाची, पेटीवर अधिक चिन्ह असलेली काडतुसं नकोत. आखूड नळीत भपका आणि धक्का वाढतो, फायदा अगदी थोडा. .३८० वर आलात तर एक अडचण माहीत असू द्या. त्यातल्या पोकळ टोकाच्या कित्येक गोळ्या एकतर कपड्याने बुजून फुलतच नाहीत किंवा फुलल्या तर बारा इंचांच्या आत थांबतात. हॉर्नडी क्रिटिकल डिफेन्सचं ९० ग्रेन किंवा फेडरलचं ९९ ग्रेन पाहा.

खरेदी करताना पेटीवरची अक्षरं वाचा. ‘९ एमएम लुगर’ हे तुमचं. ‘.३८० ऑटो’ला युरोपीय कंपन्या ‘९ एमएम शॉर्ट’ किंवा ‘कुर्त्स’ लिहितात, ‘९ एमएम मकारोव्ह’ हे तिसरंच, आणि ‘.३८ स्पेशल’ रिव्हॉल्व्हरचं. नवख्यांच्या घरात चुकीची पेटी हमखास सापडते. बाळगायचं म्हणून ठरवलेल्या पिस्तुलातून आधी सरावाच्या दोनशे आणि बाळगायच्या पन्नास गोळ्या एकही अडथळा न येता गेल्या पाहिजेत. अडकलं तर पहिल्यांदा मॅगझिन बदलून बघा, दोष बहुधा तिथेच असतो.

एक बारीक पण घातक गोष्ट. रोज रात्री पिस्तूल रिकामं करायचं आणि सकाळी तेच काडतूस पुन्हा नळीत चढवायचं, असं केलं की दर आपटण्याबरोबर गोळी पुंगळीत थोडी थोडी खोल दबते. आतली जागा कमी होते आणि उडताना दाब धोकादायक वाढतो. म्हणून पिस्तूल होल्स्टरसकट, म्हणजे कमरेच्या म्यानासकट, भरलेलंच तिजोरीत ठेवा. रिकामं करावंच लागलं, तर वरचं काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडा. आखूड दिसलं तर ते बाद. सगळी काडतुसं वर्षातून एकदा रेंजवर उडवून नवी भरा.

बाळगायचं कसं, यावर कॅलिबरपेक्षा जास्त वेळ घालवावा असं आमचं मत आहे. होल्स्टर कडक प्लॅस्टिकचं आणि चाप पूर्ण झाकणारं हवं. मऊ कापडाच्या होल्स्टरमध्ये चाप बाहेरून दाबला जातो. जीन्सला रुंद, ताठ पट्टा लागतो. लेगिंग्जवर पट्टा नसतो म्हणून पोटपट्टा घेतात, तो चालतो, पण त्यात चाप झाकणारं कडक कवच शिवलेलं असेल तरच. आपल्या कुर्त्याचं एक बरं आहे, सैल असतो आणि कमरेवरचं सगळं झाकतो. पण गुडघ्यापर्यंतचा कुर्ता एका झटक्यात वर येत नाही. बाजूची चीर कमरेपर्यंत असेल तर पिस्तूल उजव्या कमरेवर ठेवून चिरेतून हात घालण्याचा सराव रिकाम्या पिस्तुलाने करा, आणि त्या वेळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. साडीत हा प्रयोग करू नका. त्या दिवशी ते घरी तिजोरीत राहू द्या.

पर्समध्ये शक्यतो नको. पर्स हिसकली की पिस्तूलही गेलं, आणि पाच वर्षांची मुलगी च्युइंगम शोधायला हात घालते ती पर्समध्येच. पर्सच वापरायची असेल, तर पिस्तुलासाठी वेगळा, चेनचा कप्पा असलेली, त्यात आत पक्कं होल्स्टर, आणि त्या कप्प्यात दुसरं काहीही नाही. घरात आल्याबरोबर पर्स सोफ्यावर न टाकता आधी पिस्तूल तिजोरीत.

कायद्याचं थोडक्यात, पण तुमच्या बाबतीत महत्त्वाचं. ग्रीन कार्डवर तुम्ही विकत घेऊ शकता. दुकानात बंदूकखरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ स्वतः भरा, तुमचा इमिग्रेशनचा क्रमांक लागेल आणि लायसन्सवरचा पत्ता चालू असला पाहिजे. घर बदललं असेल तर आधी तो बदला. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला बाळगायला परवाना लागत नाही, तरी तो काढाच. फेडरल कायद्यानुसार शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल बाळगता येत नाही, आणि राज्याचा परवाना असलेल्याला यातून सूट आहे. मुलीला शाळेत सोडताना हा फरक रोजचाच. फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा वर्ग, आणि पन्नास गोळ्यांची चाचणी: ३ यार्डांवर २०, ७ वर २० आणि १५ वर १०, अडीचशेपैकी १७५ गुण. बळ कधी वापरता येतं हेही त्या वर्गात शिकवतात. ते नीट ऐका. दुकानाच्या मालकाचा नियम लेखी विचारून घ्या. आत नेता येत नसेल, तर गाडीत सीटला केबलने बांधलेली कुलपाची पेटी हवी. पण मग लक्षात घ्या, साडेअकराला दार ते गाडी या अंतरात पिस्तूल तुमच्याजवळ नसेलच. अशा दुकानात सहकाऱ्यासोबत बाहेर पडणं आणि गाडी दाराजवळ, दिव्याखाली लावणं हेच करावं लागेल, आणि पिस्तूल असतानाही ते करायचंच.

सासूसासरे बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसावर येतील. नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवणं फेडरल गुन्हा आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. एच-१बी आणि विद्यार्थी व्हिसावरच्या वाचकांनाही हे लागू आहे. ताबा म्हणजे नुसती मालकी नाही, हाताशी असणंही त्यात येतं. म्हणून तिजोरीचा आकडा त्यांना सांगू नका, ‘अडीअडचणीला’ म्हणूनसुद्धा नाही. सासऱ्यांना हौस वाटली तरी रेंजवर एक गोळी झाडायला देऊ नका. मुलीसाठी तर कायदा आणखी स्पष्ट आहे: सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती पडेल असं भरलेलं पिस्तूल ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे. बटणांच्या आकड्याने उघडणारी पोलादी पेटी घ्या आणि ती कपाटाच्या तळाला बोल्टने आवळा. कपाटावर उंच ठेवणं म्हणजे लपवणं नव्हे. पाच वर्षांचं मूल खुर्ची सरकवतं.

रेंजसाठी एक वेगळी, गडद रंगाची पिशवी ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. पिशवीच्या शिवणीत एखादं जिवंत काडतूस राहतं, सहा महिन्यांनी तीच पिशवी घेऊन माणूस भारतात जातो आणि तिथल्या विमानतळावर क्ष-किरण तपासणीत ते सापडतं. मग आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा नोंदतात, विमान चुकतं आणि वकील शोधावा लागतो. नकळत राहिलं होतं हे न्यायालयात सिद्ध होऊन प्रकरणं रद्द होतात, पण महिने जातात. सासूबाई परत निघताना सामान वाढलं आणि एक पिशवी कमी पडली, तरी ती पिशवी त्यांना देऊ नका.